पुण्यातल्या बागांत पाळीव कुत्र्यांना येऊ द्यावं का?

मुठाकाठ

पुण्यात महापालिकेच्या दोनशेहून जास्त बागा आहेत आणि त्यातल्या बहुतेकींच्या फाटकावर ‘पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही’ ही पाटी आहे. कुत्रा पाळायचा परवाना मात्र हीच महापालिका देते. परवाना घेतलेला हा कुत्रा सकाळी सहाला जातो कुठे? फुटपाथवर, सोसायटीच्या कुंपणाला लागून, नदीपात्रात, नाहीतर टेकडीवर. चारही ठिकाणी त्याची शी उचलायला ना डबा आहे ना माणूस.

माझं मत आधीच सांगतो. अर्ध्या एकरापेक्षा लहान बागेत बंदीच हवी. मोठ्या बागेत कुंपण घातलेला वेगळा तुकडा द्यावा. सगळ्या बागेत सरसकट मोकळीक नको. आमच्या प्रभागाकडून उद्यान विभागाला अर्ज द्यायचा आहे, म्हणून माहिती गोळा करतोय. किती जागा लागते, कुंपण कसलं घालायचं, रोग कुठले पसरतात, कायदा काय म्हणतो, कचऱ्याचं काय करायचं, हे लिहा. ‘आमच्या टायगरला एकदा’ किंवा ‘आमच्या आजीला एकदा’ असे किस्से इथे नकोत. त्यासाठी दुसरे धागे आहेत.

हरळी

माझा विरोध आहे आणि तो कुत्र्यांच्या रागापोटी नाही. माळ्याच्या बाजूने कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते.

बागेतलं गवत आता ब्रश कटरने कापतात. नायलॉनची दोरी मिनिटाला हजारो फेरे घेते. गवतात लपलेली शी त्या दोरीखाली आली की तिचे शिंतोडे थेट नडगीवर, हातावर, तोंडावर उडतात. वाफे खुरपताना तर हाताखालीच येते. बाग सर्वांसाठी खुली करा म्हणणाऱ्यांच्या हिशेबात हा माणूस कुठेच दिसत नाही.

दुसरं लॉनचं. कुत्र्याच्या लघवीत नत्र भरपूर असतं. थोड्या जागेवर एकदम पडलं की गवत जळतं आणि कडेला, जिथे प्रमाण कमी, तिथे गर्द हिरवं कडं उठतं. मादी एका जागी बसून सगळं सोडते म्हणून तो ठिपका ठसठशीत दिसतो. नर थोडं थोडं उभ्या वस्तूवर सोडत जातो. त्यामुळे लॉन वाचतं, पण नवीन लावलेलं रोप मरतं. एकाच खोडावर रोज दहा कुत्र्यांनी पाय वर केला तर बुंध्याजवळ क्षार साठतात आणि साल भाजते. लोखंडी ट्री गार्डला मोठमोठ्या फटी असतात, त्याचा इथे उपयोग होत नाही. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून दीड फूट उंचीपर्यंत बुंध्याभोवती सैल लावावा लागतो.

लघवी पडल्या पडल्या तिच्या तीन-चारपट पाणी ओतलं तर डाग पडत नाही. पण एप्रिल-मेमध्ये बागेलाच पाणी पुरत नाही, हे कोण ओतणार? मेक्सिकन आणि सिलेक्शन वन ही दोन्ही लॉन लाडकी पोरं आहेत, एकदा टक्कल पडलं की सहज भरून येत नाही. साधी हरळी भरते, पण तिलाही विश्रांती लागते.

खूर_आणि_पंजा

हरळी, ब्रश कटरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. रोगांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यात दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातं.

कुत्र्याच्या शीमध्ये गोल जंताची, म्हणजे टॉक्सोकाराची, अंडी असू शकतात. ती ताजी असताना संसर्ग करत नाहीत. मातीत पडल्यावर ती पिकायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मग ती वर्षानुवर्षं टिकतात. मुलाने मातीचे हात तोंडात घातले की पोटात जातात आणि क्वचित डोळ्यापर्यंतही पोचतात. यातून निघणारी कामाची गोष्ट एवढीच: शी त्याच दिवशी उचलली तर ही साखळी सुरूच होत नाही. महिन्यातून एकदा ‘स्वच्छता मोहीम’ काढून काहीही साधत नाही, तोपर्यंत अंडी पिकून मातीत मिसळलेली असतात.

हुकवर्म या दुसऱ्या जंताचं वेगळं. त्याच्या अळ्या ओलसर, सावलीतल्या, भुसभुशीत मातीत आठवड्याभरातच तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. पायावर नागमोडी, खाजरी लाल रेघ उठते ती हीच. मुलांच्या खेळायच्या वाळूचा खड्डा म्हणजे या अळ्यांसाठी तयार घर. तिथे कुत्रा कधीही, कुठल्याही वेळी जाता कामा नये. आणि हो, मांजरंही. मांजर वाळू शोधतच येतं, त्याच्या शीमधला टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतो आणि गरोदर बायकांना तो धोक्याचा. रात्री त्या खड्ड्यावर ताडपत्री टाकणं हे कुत्रेबंदीइतकंच महत्त्वाचं आहे, पण फारच थोड्या ठिकाणी टाकतात.

आता कुत्र्यांचे आपसातले रोग. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने राहतो, सावली आणि ओलावा असेल तर वर्षभरही. फरशीवर ब्लीच चालतं (एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं), मातीवर चालत नाही, कारण सेंद्रिय पदार्थ लागला की क्लोरीन तिथेच संपतो. म्हणून पिल्लाचा लसीचा क्रम पूर्ण होईपर्यंत त्याला बागेत आणू नये. हा क्रम सहा ते आठ आठवड्यांच्या वयाला सुरू होतो, दर दोन ते चार आठवड्यांनी डोस, शेवटचा सोळा आठवड्यांना किंवा त्यानंतर. त्यावर आणखी दोन आठवडे थांबायचं. रेबीजची लस तीन महिन्यांना, मग बूस्टर, मग दर वर्षी.

जंतनाशक: तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. बागेचा पास द्यायचा असेल तर रेबीजच्या दाखल्यासोबत ही नोंदही बघा. रेबीज सगळे विचारतात, जंत कुणी विचारत नाही आणि मुलांच्या मातीशी संबंध जंतांचाच आहे.

पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. साचलेल्या पाण्यात उंदराची किंवा कुत्र्याची लघवी मिसळली की तो जंतू काही आठवडे जगतो. तुकड्यात पाणी साचत असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये तो बंद ठेवावा, दुसरा उपाय नाही.

सदाफुली_७

गोचिडी राहिल्या.

खूर_आणि_पंजा

बरोबर. आपल्याकडची तपकिरी गोचीड गवतापेक्षा भिंतीच्या फटीत जास्त राहते. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, वर चढते आणि फटीत काही हजार अंडी घालते. म्हणून कुत्र्यांच्या तुकड्याला दगडी गडगा नको, विटांची सांधे उघडी पडलेली भिंत नको. जाळीच बरी. बाकांचे लाकडी सांधे दर दोन महिन्यांनी बघायचे.

कलम_कागद

कायद्याचं थोडक्यात, कारण यावर फार अर्धवट फिरतं.

भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बागांतून पाळीव कुत्र्यांना सरसकट बंदी घालणं अदूरदर्शी आहे, त्याऐवजी वेळा ठरवून द्याव्यात, असा सूर आहे. पण त्या सूचना गृहनिर्माण संस्था आणि रहिवासी संघांना उद्देशून आहेत. महापालिकेची बाग महापालिकेच्या नियमांनी चालते. त्यामुळे तो कागद फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या तोंडावर धरून उपयोग नाही. अर्जाला आधार म्हणून जरूर जोडा.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, कलम ११ मध्ये, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं हा मालकाचा गुन्हा धरलाय. म्हणजे व्यायाम देणं कर्तव्य आहे आणि शहरात जागा नाही. अर्जात हा मुद्दा सगळ्यात वजनदार ठरेल.

दुसऱ्या बाजूने, भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पट्टा सोडून ‘काही करत नाही हो तो’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

मुंबईत २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याने सार्वजनिक जागी घाण केल्यास ५०० रुपये दंड ठेवलेला होता. दंडाचा आकडा असणं ही पहिली पायरी, पावती फाडणारा माणूस असणं ही दुसरी. दुसरीशिवाय पहिलीला अर्थ नाही.

सावली_वडाची

मी इथे विरोधातच लिहिणार आहे आणि मुठाकाठ यांनी ते अर्जात घ्यावं अशी विनंती आहे.

कुत्र्याची भीती हा आजार नाही, पण ती खरी असते. लहान मूल कुत्रा पाहून पळतं आणि पळणाऱ्या वस्तूमागे धावणं हा कुत्र्याचा स्वभाव. सत्तरीतल्या माणसाला कुत्र्याने चावायची गरज नसते. पट्टा पायात अडकला तरी खुब्याचं हाड मोडतं, आणि त्या वयात खुबा मोडला की पुढचं अवघड असतं. बाग ही शहरातली एकच जागा आहे जिथे हे दोघं गाडीच्या भीतीशिवाय चालतात. तिथे त्यांना मागे वळून बघत चालायला लावू नका.

वेळ वाटून देण्याचा उपायही नीट तपासा. ज्येष्ठ चालायला येतात साडेपाच ते आठ. कुत्र्यालाही तीच वेळ लागते, कारण त्यानंतर ऊन चढतं. पुण्यातल्या बऱ्याच बागा सकाळी दहा-अकराला बंद होऊन चारच्या पुढे उघडतात. मधली वेळ कुत्र्यांना द्या असं कुणीतरी सुचवेलच.

खूर_आणि_पंजा

मधली वेळ नकोच. कुत्रा घाम गाळून थंड होत नाही, धापा टाकून होतो. हवा ३७-३८ अंश असेल तर पेव्हर ब्लॉक आणि डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. तळहाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवता आली नाही, तर कुत्र्याचे पंजे भाजणार. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर सकाळी नवालाही उष्माघात होऊ शकतो. झालाच तर सावलीत घेऊन नळाचं साधं पाणी अंगावर, पोटावर, जांघेत सोडायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उलटी वाफ धरतो.

जर्सीकर

वेळेची वाटणी जिथे चालते तिथलं उदाहरण देतो. न्यू यॉर्क शहरात ठरावीक मोठ्या पार्कांमध्ये उघडल्यापासून सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊपासून बंद होईपर्यंत कुत्रा मोकळा सोडता येतो. बाकी वेळ सहा फुटांपेक्षा लांब नाही असा पट्टा. गळ्यात परवान्याचा बिल्ला, रेबीजचा दाखला जवळ. आणि या वेळांतही मुलांची खेळाची जागा, बॉलफील्ड, कारंजी इथे प्रवेश नाहीच. शिवाय कुंपण घातलेले ‘डॉग रन’ वेगळे आहेतच.

पण फरक लक्षात घ्या. तिथे बागेत भटकी कुत्री नसतात. आपल्याकडे बहुतेक बागेत किंवा तिच्या फाटकाशी दोन-चार कुत्र्यांचा आपला इलाका असतो. पट्ट्यातला परका कुत्रा आत आला की भांडण तिथे ठरलेलंच, आणि पट्ट्यात असल्यामुळे त्याला पळताही येत नाही. तिथली वेळापत्रकं तशीच्या तशी उचलून चालणार नाही.

शिट्टी

हा मुद्दा महत्त्वाचा. बागेतल्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण आधी, पाळीवांना प्रवेश नंतर, हा क्रम उलटवू नका. त्यांना खाऊ घालायची जागाही फाटकापासून लांब हवी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत हेच म्हटलंय: खाऊ घालायची जागा येण्याजाण्याच्या वाटेला आणि मुलं-ज्येष्ठ जिथे जास्त असतात तिथे नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही प्रभागनिहाय निश्चित जागा ठरवायला सांगितलंय.

आता मालकांना चार गोष्टी, ज्या बहुतेकांना माहीत नसतात.

आखूड होणारा-लांबणारा दोरीचा पट्टा बागेत आणू नका. लॉक निसटला की पंधरा फूट दोरी सुटते, माणसाच्या पोटरीला गुंडाळली की चिरते. साधा सपाट, चार ते सहा फुटी पट्टा आणि छातीवरचा हार्नेस. काटेरी किंवा आवळणारी साखळी कुत्र्याला आक्रमक करते, कारण समोरचा कुत्रा दिसला की मान आवळते ही जोडणी त्याच्या डोक्यात पक्की बसते.

तोंडाला मुसकं लावायचं असेल तर पिंजऱ्यासारखं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात असं. कापडी आवळ मुसकं दवाखान्यात दोन मिनिटांसाठी ठीक. ते लावून धावायला लावलं तर कुत्रा गुदमरतो.

माजावरची मादी पूर्ण तीन आठवडे आणायची नाही. चेंडू, काठी, खाऊ कुंपणाच्या आत नाही, निम्मी भांडणं त्यावरून होतात. एका माणसामागे दोनपेक्षा जास्त कुत्रे नाहीत.

आणि भांडण ओळखायचं कसं: गुरगुरणं ही उशिराची खूण आहे. आधी कुत्रा ताठरतो, तोंड मिटतो, शेपटी वर जाऊन थरथरते, डोळा रोखला जातो. त्या दोन सेकंदांत हाक मारून बाजूला न्यायचं. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका, गळपट्टा धरायला गेलेला हात हमखास चावला जातो. बादलीभर पाणी, मोठा आवाज. नाही सुटले तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून ढकलगाडीसारखं मागे ओढायचं. एकट्याने ओढलं तर दुसरा चढतो.

ब्रासभर

मुठाकाठ, बांधकामाचं गणित देतो. दहा गुंठे धरा, म्हणजे १०,८९० चौरस फूट. चौकोनी जागा असेल तर एक बाजू साधारण १०४ फूट, परिघ ४१७ फूट. एका वेळी दहा-बारा कुत्रे, त्यापेक्षा जास्त नको.

कुंपण: दोन इंची भोकाची चेन लिंक जाळी, पाच फूट उंच. दर आठ फुटांना खांब, म्हणजे बावन्न-त्रेपन्न खांब. जाळीच्या वरच्या टोकांना पीळ असतो तो वळवून गाठ मारलेला घ्या, टोकं उघडी असतील तर उडी मारणाऱ्या कुत्र्याचं पोट फाटतं. काटेरी तार अजिबात नाही. खाली मातीत एक फूट खोल आणि वर सहा इंच असा काँक्रीटचा कर्ब, म्हणजे बुटकी कड, द्या आणि जाळी त्यात अडकवा. हा खर्च वाचवायला सगळे बघतात. पहिल्याच पावसाळ्यात माती भिजते, कुत्रे जाळीखालून उकरतात आणि कुंपण नावापुरतं उरतं.

कोपरे काटकोनात ठेवू नका. पाठलाग झालेला कुत्रा कोपऱ्यात अडकला की तिथेच उलटून चावतो. आठ-दहा फुटांची गोलाई द्या.

फाटक दुहेरी. बाहेरचं फाटक, मग आठ बाय आठ फुटांची खोली, मग आतलं फाटक. दोन्ही एकाच वेळी उघडायची नाहीत. दोन्ही फाटकं एका रेषेत समोरासमोर नकोत, काटकोनात हवीत, म्हणजे एखादं उघडं राहिलं तरी कुत्रा सुसाट सरळ बाहेर पडत नाही. फाटक आतल्या बाजूला उघडावं, स्प्रिंगने आपोआप मिटावं. खालची फट दोन इंचांपेक्षा कमी.

आतला एक तृतीयांश भाग लहान कुत्र्यांसाठी वेगळा. बारा-तेरा किलोच्या खालचे तिकडे. मोठ्या कुत्र्याला छोटा कुत्रा पळताना शिकार वाटू शकतो, खेळाखेळात मान धरून झटकला तरी जीव जातो.

जमीन: पुण्याच्या नदीकाठच्या बागांत काळी माती आहे. तिच्यावर कुत्रे पळाले की पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. सहा इंच मुरूम टाकायचा तर सगळ्या तुकड्याला ५४-५५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागतो, आणि दाबल्यावर बसतो म्हणून वर पाचवा हिस्सा जादा धरा, एकूण ६५ ब्रासच्या आसपास. पैसे कमी असतील तर फाटकाजवळ, पाण्याजवळ आणि कुंपणालगतची सहा फुटी पट्टी तेवढी मुरमाची करा. झीज तिथेच होते, मधलं गवत तगतं. उतार शंभराला एक, म्हणजे या तुकड्यात एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एक फूट. उताराच्या पायथ्याशी दीड फूट रुंद, दोन फूट खोल चर, तळाला भोकं पाडलेला चार इंची पाइप, वर चाळीस एमएमची खडी.

खर्च सगळ्यात जास्त कुंपण आणि कर्बवर होतो. खेळाची साधनं, अडथळ्यांच्या उड्या, रंगीत बोगदे हे सगळं नंतर. उद्घाटनाच्या फोटोत तेच दिसतं म्हणून तेच आधी बसवतात.

सदाफुली_७

हैदराबादला कोंडापूरमध्ये महापालिकेने २०१८ मध्ये सुमारे सव्वा एकरावर फक्त कुत्र्यांसाठी बाग केली. लहान-मोठ्या कुत्र्यांना वेगळी आवारं, पशुवैद्यकाची सोय. महापालिका हे करू शकते याचा दाखला म्हणून अर्जात लिहा. आणि बंगळूरच्या कब्बन पार्कचंही. तिथे कुत्र्यांना प्रवेश आहे, वेगळी जागाही आहे, तरी मोकळे सोडलेले कुत्रे आणि न उचललेली शी यांच्या तक्रारींवरून २०२२ मध्ये बंदी जाहीर झाली होती. विरोध झाल्यावर ती पुढे ढकलली. मिळालेली परवानगी मालकांच्या सवयींमुळे जाऊ शकते, हे त्यातून घ्यायचं.

टेकडीमित्र

बागेत बंदी असल्यामुळे कुत्रे टेकडीवर येतात, हे मुठाकाठ यांनी एका ओळीत लिहिलं. त्यावर थोडं थांबा. वेताळ टेकडी, तळजाई ही काही मोकळी मैदानं नाहीत. टिटवी उघड्या मुरमाड जमिनीवर खळगा करून अंडी घालते, मार्चपासून पार ऑगस्टपर्यंत. खड्यांच्या रंगाची अंडी, माणसाला तीन फुटांवरून दिसत नाहीत, कुत्र्याला वासाने सापडतात. मोकळा कुत्रा ससा आणि मोर दोन्हींच्या मागे लागतो. शिवाय लस न दिलेला कुत्रा डिस्टेंपर या रोगाचा विषाणू घेऊन येतो. गीरमध्ये २०१८ साली सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता.

कुत्र्यांच्या दृष्टीनेही टेकडी सोयीची नाही. पावसाळा संपला की कुसळं. गवत वाळलं की ती बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात शिरतात. त्यांना उलटे केस असतात, म्हणून ती पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. कुत्रा सारखा पंजा चाटत असेल किंवा डोकं एका बाजूला कलवून झटकत असेल तर आधी कुसळ बघा.

म्हणून मी बागेत कुंपणाचा तुकडा द्या या बाजूचा आहे. टेकडीसाठी.

हरळी

मग तुकड्यात काय लावायचं आणि काय नाही, ते मी सांगते, विरोध असला तरी.

कण्हेर काढा, लाल आणि पिवळी दोन्ही. एका फांदीनेही हृदयावर परिणाम होतो. सायकस काढा, त्याच्या बिया तर फारच विषारी, आणि आपल्या बागांत सायकस ठायीठायी आहे. घाणेरी, धोतरा, एरंड नको. सावलीला कडुनिंब, वावळ चांगले. खालच्या फांद्या सहा फुटांपर्यंत छाटलेल्या.

आणि एक गोष्ट जी माळ्यालाही सांगितली जात नाही: एरंडीची पेंड. ‘सेंद्रिय खत’ म्हणून वाफ्यांत घालतात. तिला वास असतो, कुत्रे उकरून खातात. तिच्यात रायसिन हे विष राहिलेलं असू शकतं. खाल्ल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी रक्ताची उलटी-जुलाब, आणि त्यावर उतारा नाही. हाडांचा चुराही असाच उकरून खातात. कुत्र्यांच्या तुकड्याला आणि त्याला लागून असलेल्या वाफ्यांना फक्त गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. उंदरांचं विष बागेत कुठेच नको.

सावली_वडाची

कचऱ्याचं अजून कुणीच लिहिलं नाही. शी उचलली, पिशवीत भरली, मग? ती सुक्या कचऱ्यात गेली तर कचरावेचक बाईच्या हातात उघडते.

कलम_कागद

पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी सॅनिटरी पॅड आणि डायपरसाठी लाल ठिपक्याची पद्धत मांडली आहे: वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे न उघडता वेगळं ठेवता येतं. कुत्र्याच्या शीला तीच पद्धत लावा. घरी नेऊन संडासात टाकता आली तर त्याहून उत्तम, पण पिशवी आत टाकायची नाही.

विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्यांवर भिस्त ठेवू नका. कचरा डेपोच्या ढिगात दबलेल्या पिशवीला हवा मिळत नाही, ती तशीच राहते. जुनं वर्तमानपत्र आणि पत्र्याची छोटी सुपली पुरते.

हरळी

बागेतल्या पालापाचोळ्याच्या खड्ड्यात शी टाकणार असाल तर तेही नको. जंताची अंडी मारायला ढीग सलग काही दिवस ५५ अंशांच्या वर तापावा लागतो आणि पालटावा लागतो, बागेतला खड्डा तेवढा तापत नाही. तेच खत मग फुलांच्या वाफ्यात हाताने पसरलं जातं.

वेगळा झाकणाचा डबा, पायाने उघडणारा. एक फाटकाबाहेर, एक आत. उन्हाळ्यात रोज रिकामा, एक दिवस चुकला तर माश्या आणि वास, आणि मग लोक डब्याजवळ जाणंच टाळतात, पिशव्या कुंपणाला लटकवतात.

खूर_आणि_पंजा

पाण्याचं: सामाईक भांडं ठेवू नका. केनेल कफ (कुत्र्यांचा साथीचा खोकला), जिआर्डिया (जुलाबाचा परजीवी) त्यातून फिरतो. गुडघ्याएवढ्या उंचीचा नळ, खाली उतार दिलेला ओटा, पाणी चरात. भांडं ज्याने त्याने आणायचं.

त्याच नळावर साबण टांगून ठेवा, आणि पाटी लावा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लगेच दवाखाना. लस कातडीत दिली तर ०, ३, ७, २८ या दिवशी, दंडाच्या स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४, २८. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. कुत्रा ओळखीचा, लस झालेला असला तरी दहा दिवस नजरेखाली ठेवायचा, आणि त्या दहा दिवसांची वाट बघत माणसाची लस थांबवायची नाही.

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. अर्जाचा मसुदा असा करतोय. अर्ध्या एकराखालच्या बागांत बंदी कायम. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एका मोठ्या बागेत दहा गुंठ्यांचा तुकडा, फाटक शक्यतो रस्त्याच्या बाजूने, म्हणजे बागेतल्या चालण्याच्या वाटेवरून कुत्रा न्यावाच लागणार नाही. सावली ताई, तुमचा मुद्दा यात येतो का?

सावली_वडाची

येतो. रस्त्याच्या बाजूचं स्वतंत्र फाटक ही अट ‘शक्यतो’ म्हणून नको, बंधनकारक लिहा. ते नसेल तर माझी सही नाही.

मुठाकाठ

‘शक्यतो’ काढलं. पाससाठी महापालिकेचा परवाना, रेबीजचा चालू दाखला, तीन महिन्यांतली जंतनाशकाची नोंद. मालकाने शी उचलायचीच, शिवाय सकाळी आणि संध्याकाळी एकेक फेरी मारायला माणूस. पावसाळ्यात पाणी साचलं की तुकडा बंद. हरळी, तुम्ही सही कराल का ते विचारत नाही, पण काय राहिलं ते सांगा.

हरळी

त्या फेरीच्या माणसाचं पद वेगळं मागा. नाहीतर ते काम आहे त्या माळ्यावरच पडणार. आणि गवत कापायच्या दिवशी आधी शी उचलण्याची फेरी, मग अर्ध्या तासाने ब्रश कटर, हा क्रम लिहून द्या. ब्रश कटरवाल्याला चेहऱ्यावरची पारदर्शक ढाल, पुढचं रबरी एप्रन आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट हे मसुद्यात वेगळ्या ओळीत, नगासह लिहा. ‘इतर साहित्य’ या शब्दांत घातलं की त्याची खरेदीच होत नाही. एवढं घातलंत तर माझी सही आहे.